गुरुवारचा पाचवा तास

“सर, गुरुवारी पाचव्या तासाला तुम्ही दोन वर्गांत आहात.”

घुगरे सर हे अगदी हळू म्हणाले. शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो. जूनमधला शनिवार, शाळा सुटलेली, आणि घुगरे सर भिंतीला टेकवलेल्या मोठ्या फळ्यावर नव्या वर्षाचं वेळापत्रक रंगवत होते. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत ही रीतच होती. वेळापत्रक मी पेन्सिलनं आखायचो, त्यावर हेडसरांची सही व्हायची आणि मग चित्रकलेचे शिक्षक म्हणून घुगरे सर ते फळ्यावर उतरवायचे. प्रत्येक शिक्षकाला त्यांनी एक रंग ठरवून दिला होता. माझा हिरवा.

मी उठून बघितलं. नववी अ आणि दहावी ब, दोन्ही वर्गांपुढं गुरुवारच्या पाचव्या चौकटीत त्यांनी खडूनं हिरव्या खुणा केल्या होत्या. अकरा वर्षं मी शाळेचं वेळापत्रक करत होतो आणि अकरा वर्षांत एकही तास दुसऱ्या तासावर आदळला नव्हता. तालुक्यातल्या इतर शाळांचे लोक माझ्याकडं वेळापत्रक शिकायला यायचे. हेडसरांनी सही करण्यापूर्वी कागद नीट बघितलासुद्धा नव्हता, इतका विश्वास होता. एक प्रत संस्थेच्या कचेरीत रवाना झाली होती.

“तुमच्या लक्षात कसं आलं?” मी विचारलं. कागदावर सातशेच्या आसपास चौकटी होत्या.

“मी वाचत नाही सर, रंग बघतो,” घुगरे म्हणाले. “एकाच वेळी दोन ठिकाणी हिरवा दिसला.”

ही चूक कशी झाली ते मला चांगलं माहीत होतं, आणि ते त्यांनाही कळलं असणार. नववी अ ला चित्रकलेचे दोन तास असायचे. त्या वर्षी मी ते दोन्ही काढून गणिताला घेतले होते. दहावीचा पाया पक्का करायचा, असं मी हेडसरांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. नववी अ मध्ये माझी मुलगी होती.

केतकी माझं एकुलतं एक लेकरू. सातवीपर्यंत तिचं सगळं जग माझ्याभोवती होतं. शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी तिला मला काहीतरी दाखवायचं असे, सापडलेलं पीस, नवा शब्द, खरचटलेला गुडघा. आठवीत तिनं घुगरे सरांकडं एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी केली, तिला ‘अ’ श्रेणी मिळाली, आणि आमच्या घरात घुगरे सरांचा मुक्काम सुरू झाला. घुगरे सर म्हणाले सावली काळी नसते. घुगरे सर म्हणाले झाडाच्या मधल्या रिकाम्या जागेचं चित्र काढ. एका रात्री जेवताना मी मनात मोजलं. आमटीपासून ताकापर्यंत ती नऊ वेळा ‘घुगरे सर’ म्हणाली, आणि ‘अण्णा’ एकदा, तेही मीठ मागायला.

मला त्या माणसाचा राग यायचं काही कारण नव्हतं. मल्लिकार्जुन घुगरे सडपातळ, साधे, शर्टाच्या बाहीवर कायम कसला तरी रंग लागलेले गृहस्थ. शाळेचे सुविचार, स्नेहसंमेलनाचे पडदे, निरोपसमारंभाची मानपत्रं, सगळं तेच करायचे आणि कधी कुरकुर करायचे नाहीत. पण मला त्यांचा मत्सर वाटायचा. आज सत्तरीत मी हा शब्द सरळ लिहू शकतो. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होतो.

“आता काय करायचं?” मी फळ्याकडं बघत म्हणालो.

सोपा उपाय समोर होता. तो तास चित्रकलेला परत द्यायचा. पण मग हेडसरांना सांगावं लागलं असतं, सही पुन्हा घ्यावी लागली असती, कचेरीला दुरुस्तीचं पत्र गेलं असतं. नेर्लेकरांचं, म्हणजे माझं, वेळापत्रक चुकलं हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. घुगरे थोडा वेळ ब्रश पुसत राहिले.

“असं करू,” ते म्हणाले, “तुम्ही दहावी ब वर जा. ती पोरं महत्त्वाची. नववी अ वर मी बसतो. चौकटीत नुसतं ‘गणित’ लिहितो, नाव घालत नाही. कागदावर तुमचंच राहू दे.”

मी आभार मानले नाहीत. म्हणालो, बघा, जमत असेल तर. माझं काम त्यांना करू देऊन मीच त्यांच्यावर उपकार करतोय, असा माझा सूर होता.

एक बारकी गोष्ट राहिली होती. प्रत्येक वर्गाची एक तासिका वही असायची. वर्गप्रमुखानं रोज कोणत्या तासाला कोण शिक्षक आले ते तीत लिहायचं. नववी अ ची वर्गप्रमुख केतकी होती. रविवारी दुपारी ती वहीला कव्हर घालत बसली होती, तेव्हा मी तिला सांगितलं की गुरुवारी पाचव्या तासाला माझं नाव लिहीत जा.

“पण तुम्ही येणार का?” तिनं विचारलं.

“वेळापत्रकात माझं नाव आहे, म्हणून माझं लिहायचं,” मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

घुगरे सर नववी अ वर जाताना दिसले तरी कुणाला नवल वाटलं नाही. कोणी शिक्षक रजेवर असला की बदली तासाला त्यांनाच पाठवायचे. चित्रकलेच्या मास्तरला कुठंही बसवावं, असा सगळ्यांचा समज होता. मला वाटलं, ते वर्गावर जाऊन मुलांना गप्प बसवत असतील, फार तर गोष्ट सांगत असतील.

ऑगस्टमध्ये मला खरं काय ते कळलं. केतकीला गणित यायचं नाही. हे लिहिताना अजूनही अवघड वाटतं, कारण रोज संध्याकाळी तासभर मी तिला घेऊन बसायचो. सूत्र पाठ, रीत पाठ, आणि गणित जरा वळण घेऊन आलं की डोळ्यांत पाणी. माझा आवाज चढायचा, तिची आई स्वयंपाकघरातून भांडं आपटायची आणि शिकवणी संपायची. त्या संध्याकाळी मी चिडून तिला माझं ठेवणीतलं गणित घातलं. खोली बारा फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. जमिनीच्या एका कोपऱ्यात पाल आहे, तिला समोरच्या टोकाला छताच्या कोपऱ्यात जायचंय. भिंतीवरून, जमिनीवरून, छतावरून कशीही जाऊ दे, पण सगळ्यांत जवळची वाट किती फुटांची? हे मी दहावीतल्या हुशार मुलांना जिरवण्यासाठी वापरायचो. इतक्या वर्षांत ते तिघांना सुटलं होतं.

केतकी उठली. मला वाटलं रडायला चालली. ती माझ्या पिशवीतला रिकामा खडूचा खोका घेऊन आली. त्याच्या कडा तिनं नखानं सोडवल्या आणि खोका जमिनीवर सपाट पसरला. मग पट्टी ठेवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ मारली.

“भिंत खाली पाडली की पालीची वाट सरळ होते,” ती म्हणाली. “इकडं बारा. इकडं पाच आणि चार मिळून नऊ. म्हणजे पंधरा फूट.”

उत्तर बरोबर होतं. मी तीन वेगवेगळ्या बाजूंनी भिंती पाडून बघितल्या, पंधराच सगळ्यांत कमी येत होते.

“हे कुणी शिकवलं?”

“गुरुवारी. घुगरे सर म्हणतात, अडलं की खोका उघडायचा.”

आता कुठल्याही बापानं लेकीला उचलून घ्यावं. मी मात्र जळफळलो. दोन वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा जे झालं नाही, ते त्या माणसानं माझ्याच नावावरच्या तासाला, खडूच्या खोक्यावर करून दाखवलं होतं. तिच्या चेहऱ्यावर सातवीतला तो जुना आनंद होता, काहीतरी दाखवायला आणल्याचा. आणि तो माझ्यामुळं आला नव्हता.

“परीक्षेला खोका नेता येत नाही,” मी म्हणालो. “रीत लिहिली तर मार्क मिळतात. चित्रं काढून काय रंगारी व्हायचंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सपाट खोका आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातला. केतकी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. त्यानंतर घरात घुगरे सरांचं नाव निघायचं बंद झालं, आणि मला काही दिवस आपण जिंकल्यासारखं वाटलं. सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी पडले. शाळेत सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी ते घेत होतो.

डिसेंबरात संस्थेचं पत्रक आलं. प्रत्येक शिक्षकाकडं आठवड्याला निदान चोवीस तास हवेत. कमी भरले तर तो शिक्षक अतिरिक्त धरून दुसऱ्या शाखेला पाठवायचा. वेळापत्रक तपासायला संस्थेचे तपासनीस देशिंगकर आले. त्यांनी हेडसरांच्या खोलीत माझा कागद उलगडला, पेन्सिलीनं टिंबं देत गेले आणि घुगऱ्यांपाशी थांबले.

“तेवीस,” ते म्हणाले.

घुगरे सरांना बोलावलं गेलं. त्यांना चंदगडकडच्या शाखेला जावं लागणार होतं, जंगलाच्या कडेला, दिवसाला दोन एसट्या. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि बायको इथल्या बालवाडीत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घुगरे सर उभ्यानंच म्हणाले की गुरुवारचा पाचवा तास नववी अ वर मी घेतो, तो धरला तर चोवीस होतात.

देशिंगकरांनी कागदावरची नववी अ ची तेवढी ओळ बघितली. “इथं तर नेर्लेकरांचं नाव आहे. काय हो नेर्लेकर?”

मी एवढंच म्हणायचं होतं की हो, तो तास त्यांचा आहे, माझी चूक झाली. कचेरीला एक दुरुस्ती गेली असती, चार लोक चार दिवस हसले असते. पण त्या क्षणी मला दुसरंच दिसत होतं. ते चंदगडला गेले की केतकी पुन्हा माझी होईल. मी कागदाकडं बघत राहिलो आणि म्हणालो, “कागदावर आहे तसंच आहे.”

“मग वही बघू,” देशिंगकर म्हणाले. त्यांनी शिपायाला नववी अ च्या वर्गप्रमुखाला वही घेऊन बोलवायला पाठवलं.

केतकी आली. दोन वेण्या, हातात कव्हर घातलेली वही. देशिंगकरांनी पानं उलटली. जूनपासूनच्या सगळ्या गुरुवारी, पाचव्या तासापुढं तिच्या वळणदार अक्षरात माझं नाव होतं.

“बाळ, तू लिहिलंस ना हे? गुरुवारी पाचव्या तासाला वर्गावर कोण असतं?”

तिनं आधी घुगरे सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. फक्त वाट बघत उभा राहिलो. तिनं कोणाला निवडायचं, हा प्रश्न मी दोन वर्षं मनात घोळवत होतो, आणि तो असा चारचौघांत येईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“अण्णा,” ती म्हणाली. “म्हणजे नेर्लेकर सर.”

मला आनंद झाला. खोटं सांगण्यात अर्थ नाही. घटकाभर मला नुसता आनंद झाला.

मग घुगरे सर बोलले. देशिंगकर तिला अजून काही विचारणार होते, तेवढ्यात ते घाईनं म्हणाले, “साहेब, माझाच घोळ झाला असेल. मी बदली तासाला कुठंकुठं जातो, डोक्यात राहत नाही. तिला जाऊ द्या, तिचा तास बुडतोय.”

केतकी वही छातीशी धरून गेली. दारातून बाहेर पडताना तिनं वळून बघितलं, पण माझ्याकडं नाही.

जानेवारीत घुगरे सर चंदगडकडं गेले. निरोपसमारंभाचं मानपत्र नेहमी तेच लिहायचे, म्हणून त्यांना द्यायचं मानपत्र कोण लिहिणार हा प्रश्न पडला. शेवटी टाइप करून आणलं. शिक्षकखोलीतला फळा वर्ष संपेपर्यंत तसाच राहिला, रंगीत चौकटींचा. त्यातली एक चौकट नुसतं ‘गणित’ अशी होती, बिननावाची. दर गुरुवारी पाचव्या तासाला हेडसर स्वतः नववी अ वर जाऊन बसायचे. नेर्लेकरांचा तास असूनही तिथं कुणीच का जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलंच असणार. ते मला कधी काही बोलले नाहीत.

केतकी पुन्हा माझी झाली नाही. ती उद्धट झाली नाही की अबोल झाली नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. मला काही दाखवायला आणायची तेवढी बंद झाली. दहावीला तिला गणितात एकशे पन्नासपैकी एकशे एकेचाळीस पडले. ते मला निकालाच्या कागदावरून कळलं. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचे फॉर्म आणले, आणि त्यांच्याच आडून तिनं अहमदाबादला डिझाइन शिकायचा फॉर्म भरला. सही आईची घेतली. मी आकांडतांडव केलं, त्यात काय शिकवतात, पुढं कोण विचारणार, सगळं म्हणून झालं. ती ट्रंकेत कपडे भरत राहिली.

आज ती काय करते ते मी बऱ्याच वर्षांनी, तेही एका ओळखीच्या डॉक्टरकडून ऐकलं. मोठमोठ्या हॉस्पिटलांत माणूस हरवू नये म्हणून कुठं कोणता रंग, कुठं कोणती खूण, कोणता जिना कुठं उघडणार, हे ती इमारत बांधायच्या आधी ठरवते. डॉक्टर म्हणाले, तिच्या हॉस्पिटलात अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा रक्त तपासायच्या खोलीपर्यंत बिनचूक पोचते. मी त्यांना सांगितलं नाही, पण मला फळ्यासमोर ब्रश पुसणारे घुगरे सर आठवले. मी वाचत नाही सर, रंग बघतो.

गेल्या डिसेंबरात शाळेचा अमृतमहोत्सव झाला. माजी विद्यार्थिनी म्हणून केतकीचा सत्कार होता. इथून निवृत्त झालेल्या सगळ्या शिक्षकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. घुगरे सर तिथं नव्हते. ते इथून निवृत्त झाले नव्हते, त्यामुळं त्यांचं नाव यादीतच नव्हतं. ते नेसरीला मुलाकडं असतात, हे मला नंतर कळलं.

नव्या मुख्याध्यापिकेनं केतकीला विचारलं की हे सगळं तुम्ही कुठं शिकलात. केतकीनं पर्समधून एक खडूचा खोका काढला. शाळेतूनच मागून घेतला असावा, नवाकोरा होता. तिनं तो मुलांसमोर उघडून सपाट केला आणि पालीचं गणित सांगितलं.

“माझं सगळं काम एवढंच आहे,” ती म्हणाली. “अडलं की खोका उघडायचा. हे मी याच शाळेत शिकले, नववी अ मध्ये, गुरुवारच्या पाचव्या तासाला. वेळापत्रकात तो तास माझ्या वडिलांच्या नावावर आहे.”

टाळ्यांनी मांडव दणाणला. तिच्या बोलण्यात एक शब्दही खोटा नव्हता. मागून कुणीतरी मला उठवलं, कुणीतरी हात धरून पायऱ्यांवरून वर नेलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मुख्याध्यापिकेनं माइक माझ्या हातात दिला आणि सर, दोन शब्द बोला म्हणाल्या. केतकी शेजारी उभी होती. पंचवीस वर्षांपूर्वी मी जसा वाट बघत उभा होतो, तशीच. डोळ्यांनी तिनं काही सुचवलं नाही.

“मुलांनो,” मी म्हणालो. नारळ मी टेबलावर ठेवला. “गुरुवारी पाचव्या तासाला मी दहावी ब वर असायचो.”

मांडवात कुणाला काही कळलं नाही. थोडी चुळबुळ झाली. म्हातारा गोंधळला असं समजून मुख्याध्यापिका माइक घ्यायला पुढं आल्या. केतकीनं त्यांना हातानं थांबवलं. माझ्या खांद्यावरची शाल घसरत होती, ती तिनं काढून टेबलावर नारळाशेजारी ठेवली आणि पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला.

“पुढं सांगा, अण्णा,” ती म्हणाली.